इजाऱ्याची मुदत

संगणकाच्या आज्ञावल्यांवरील प्रताधिकार आणि पेटंट यांचे कायदे ज्या हेतूने झाले तो हेतू त्यांच्याकडून आजही साधला जातो की नाही, हा वाद पुण्याच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या सभागृहात न होता, प्राणहितेच्या अलीकडे, तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी या चारही भाषा ज्या गावाच्या बाजारात एकाच वेळी कानांवर पडतात त्या आमच्या बेज्जूरला, माझ्या घरच्या ओसरीवर व्हावा, याला तसेच कारण घडले होते. सीमेवरील खेड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह मी गेल्या शतकाच्या अखेरीस चंद्रपूरच्या एका डीटीपीच्या दुकानात जुळवून घेतला होता. पुढे पैशांअभावी पुस्तक निघाले नाही, मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या, आणि जी चकती उरली ती परवा उघडून पाहिली तेव्हा ओव्यांच्या जागी रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची आणि डॉलरची चिन्हे यांची नुसती रास दिसू लागली. ज्या प्रणालीत तो मजकूर बसवला होता ती विकणे तिच्या मालकाने केव्हाच थांबवले होते, आणि ज्या डोंगलावाचून ती सुरूच होत नसे ते डोंगल दुकानाबरोबर नाहीसे झाले होते. हैदराबादेत संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारी माझी पुतणी रजेवर आली असता तिने ती चकती मागून घेतली आणि तीतील मजकूर सोडवणारी एक लहानशी आज्ञावली लिहिली. आसिफाबादच्या न्यायालयात उभी हयात वकिली करून आता ऐंशी ओलांडलेले आमचे स्नेही, ज्यांना सारा गाव वकीलसाहेब म्हणतो आणि ती आजोबा म्हणते, त्यांनी हा पराक्रम ऐकून घेतला, चष्मा पुसला, आणि पहिलाच प्रश्न केला तो असा की, “पोरी, हे तू केलेस ते कोणाच्या परवानगीने?”

“परवानगी मागायची तरी कोणाकडे, आजोबा?” तिने उलट विचारले, आणि केले काय ते सविस्तर सांगितले. त्या काळी संगणकाच्या एका बाइटात २५६ च संकेत मावत, आणि देवनागरी मजकूर तेवढ्यात बसवताना प्रत्येक कंपनीने काना, मात्रा, वेलांटी, अर्धा श, रफार असे अक्षरांचे सुटे अवयव रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने मांडले होते. एकीचा काना जेथे असे तेथे दुसरीचा अनुस्वार असे, आणि परिणामी एका प्रणालीत जुळवलेला मजकूर दुसरीत नेला की त्याचा चिवडा होई. सरकारने आयएससीआयआय हे संकेतांचे प्रमाण १९९१ साली ठरवून दिले होते, युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही त्याच प्रमाणाच्या आधीच्या आवृत्तीवरून आली आहे; तथापि छपाईच्या धंद्यातील फाँटांनी आपापल्या जागा सोडल्या नाहीत. तिने माझ्याजवळची काही कच्ची मुद्रिते समोर ठेवली, चकतीवरील संकेत आणि कागदावरील अक्षरे यांचा ताळा जुळवत एक कोष्टक बांधले, जी ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदलेली होती ती व्यंजनामागून आणली, जो रफार अक्षरानंतर येत होता तो अक्षराच्या आधी नेला, आणि ओव्या वाचता येऊ लागल्या. “ओव्या त्या बायकांच्या, श्रम काकांचे, लिपी तर कोणाचीच नाही, आणि तरीही हा मजकूर वीस-पंचवीस वर्षे एका अशा कंपनीच्या ताब्यात राहिला की जिला तो आपल्या ताब्यात आहे याची वार्तासुद्धा नव्हती. या स्थितीला तुमचा कायदा मालमत्तेचे संरक्षण म्हणतो.”

वकीलसाहेबांना ‘तुमचा कायदा’ हा शब्दप्रयोग आवडला नाही; त्यांच्या मते कायदा तिचाही तेवढाच होता. “मालकाला श्रीमंत करावे हा या कायद्यांचा हेतू कधीच नव्हता,” ते म्हणाले. “१८५६ साली कलकत्त्याच्या द पेनिंग नावाच्या एका स्थापत्य अभियंत्याने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी सरकारकडे अर्ज केला, तो या देशातला पहिला पेटंटचा अर्ज मानतात. त्या वर्षीच्या कायद्याचा आशय पाहशील तर तो एका सरळ करारनाम्याचा आहे: यंत्र कसे चालते ते लिहून दप्तरी दाखल कर, चौदा वर्षे इजारा भोग, आणि मुदत सरली की तो पंखा ज्याला ओढायचा असेल त्याने ओढावा. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात हेच सूत्र धरले, आणि त्यावरून १९७० चा कायदा झाला. औषधांच्या उत्पादनावर पेटंट नको, पद्धतीवर द्यायचे तेही थोड्या मुदतीचे, असे त्या कायद्याने ठरवले म्हणून तुझ्या बापाच्या पिढीला औषधे परवडली. उस्मानियाला कायदा शिकत असताना आम्ही तो अहवाल वाचला आहे, तेव्हा इजाऱ्याचे कौतुक मला ऐकवू नकोस; परंतु मुदतबंद इजारा आणि लूट यांतला भेद मात्र तू पुसू नयेस, एवढीच माझी विनंती.”

आणि मग, वकिलीची सवय अंगात मुरलेली असल्यामुळे, त्यांनी प्रतिपक्षाच्याच साक्षीदाराला आपल्या बाजूने उभे केले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक सोडली तर मराठीसाठी प्रणाली करणारी मंडळी होती कोण? श्रीलिपी काढणारी पुण्याची कंपनी, आकृती काढणारी बंगळूरची कंपनी, अशी बेताच्या भांडवलाची घरे. परदेशी कंपन्यांना ज्या काळी मराठीची बाजारपेठ मोजण्याइतकीही वाटत नव्हती, त्या काळी यांनी चित्रकार बसवून शेकडो वळणांची अक्षरे काढली, तालुक्याच्या छापखान्यापर्यंत ती पोचवली, आणि एकाने प्रणाली विकत घ्यावी व साऱ्या पेठेने ती फुकट उतरवून घ्यावी असा व्यवहार चालू असताना तगून राहिली. “डोंगल त्यांनी हौसेने लावले नव्हते. कायदा कागदावर होता, पण फौजदार दारात येत नव्हता, म्हणून त्यांना लोखंडी कुलूप घालावे लागले. १९९४ च्या दुरुस्तीने चोरीची प्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्याला निदान सात दिवसांची कैद ठरवली आहे. ती किती जणांनी भोगली हे तू आणि मी दोघेही जाणतो. ज्या कायद्याची अंमलबजावणीच झाली नाही, त्याने हेतू साधला नाही असे म्हणणे न्यायाला धरून होणार नाही.”

या युक्तिवादात सत्य होते, आणि माझ्या पुतणीने ते नाकारले नाही. उलट त्या मंडळींच्या कष्टाबद्दल आपल्याला आदरच आहे, असे ती म्हणाली. तिचा आक्षेप मोबदल्यापाशी होता, आणि हा आक्षेप मला त्या दिवशीच्या साऱ्या संभाषणाचा गाभा वाटतो. द पेनिंगच्या पंख्याची रचना दप्तरी दाखल झाली होती. पुस्तक छापले म्हणजे ते वाचता येतेच, त्याची वाक्यरचना लपवून ते विकता येत नाही. संगणकाची आज्ञावली मात्र मनुष्याला वाचता येईल अशा मूळ संहितेत लिहिली जाते आणि यंत्रालाच समजेल अशा रूपात विकली जाते. १९८४ च्या दुरुस्तीने तिला साहित्यकृतींत जमा केले तेव्हा, जी कृती तिचा ग्राहक कधीच वाचू शकणार नाही अशी साहित्यकृती या देशात प्रथमच निर्माण झाली. “पेटंट घेणाऱ्याला निदान वर्णन तरी द्यावे लागते,” ती म्हणाली. “प्रताधिकार घेणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. नोंदणी ऐच्छिक, आणि एखाद्याने केलीच तर २०२१ च्या नियमांप्रमाणे मूळ संहितेची पहिली दहा आणि शेवटची दहा पाने जोडली म्हणजे झाले. आजोबा, खरेदीखताची पहिली आणि शेवटची दहा पाने पाहून तुम्ही कधी मालकीचा दाखला दिला आहे काय?”

वकीलसाहेब हसले, कारण दिला नव्हता. 

“आणि मुदत तर त्याहून विचित्र,” ती पुढे म्हणाली. “लेखकाचे आयुष्य आणि वर साठ वर्षे. ही साठ वर्षे १९९२ पर्यंत पन्नास होती, आणि ती वाढवली तेव्हा संसदेपुढे रवींद्रनाथ होते, कारण ते १९४१ साली गेले आणि त्यांच्या ग्रंथांवरचा विश्वभारतीचा हक्क संपत आला होता. गीतांजलीच्या कवीसाठी दिलेली ती दहा वर्षे अक्षरजुळणीच्या प्रणालीलाही आपोआप मिळाली. १९९६ साली तिशीतल्या एखाद्या तरुणाने ती लिहिली असेल आणि तो ऐंशी वर्षे जगला, तर त्याची संहिता मोकळी व्हायला या शतकाची अखेर किंवा पुढच्या शतकाचा आरंभ उजाडेल. आणि ज्या यंत्रावर ती चालत होती ते यंत्र भंगारात जाऊन आजच वीस वर्षे झाली आहेत. निजामाच्या जहागिरी १९४९ च्या ऑगस्टमध्ये एका फर्मानाने खालसा झाल्या, त्यात तुमच्या अशिलांपैकी काहींची गावे गेली असे तुम्हीच सांगता. त्या जहागिरींत निदान पीक येत होते.”

“जहागिरीला मुदत नव्हती, याला आहे, हा भेद ध्यानात ठेव,” वकीलसाहेब म्हणाले, परंतु हे उत्तर त्यांचे त्यांनाच पुरेसे वाटले नसावे, कारण ते लगेच साने गुरुजींकडे वळले. गुरुजी १९५० साली गेले. २०११ च्या १ जानेवारीला त्यांचे सारे ग्रंथ सर्वांसाठी मोकळे झाले, आणि ज्याला वाटेल त्याने ते छापावेत अशी स्थिती आली. ज्ञानकोशकार केतकर १९३७ साली वारले, त्यामुळे त्यांचा ज्ञानकोश तर जुन्या पन्नास वर्षांच्या हिशेबाने त्याही आधी मोकळा झाला आणि आज तो घरबसल्या वाचता येतो. कायद्याने शब्द दिला होता, आणि कायद्याने तो पाळला. “पुस्तकांच्या बाबतीत,” पुतणी म्हणाली, आणि या दोन शब्दांनंतर वकीलसाहेबांनी तो मुद्दा सोडून दिला. मुदत कमी करण्याचा मार्ग मात्र त्यांनी तिला बंद करून दाखवला. जागतिक व्यापार संघटनेबरोबर १९९५ साली जो बौद्धिक संपदेचा करार अमलात आला, त्याच्या दहाव्या कलमानेच आज्ञावलीला बर्न करारातील साहित्यकृतीचे संरक्षण द्यावे असे सर्व सदस्य देशांवर बंधन घातले आहे. आपली संसद साठाची पन्नास वर्षे करू शकेल, दहा करू शकणार नाही. नोंदणी केल्याशिवाय हक्क नाही, अशी अटही बर्न कराराला मंजूर नाही. म्हणजे दुरुस्तीची किल्ली दिल्लीतही नाही, ती जिनिव्हात आहे. आणि जिनिव्हात जाऊन ओव्यांचे गाऱ्हाणे कोण मांडणार, असे मला वाटून गेले.

यावर थोडा वेळ पेटंटांचीही चर्चा झाली, पण ती मी थोडक्यातच सांगतो, कारण आपल्या देशात या बाबतीत कायदेमंडळाने वेळीच पाय रोवून धरले आणि त्यामुळे वादाला तितकीशी धार आली नाही. आज्ञावली ही केवळ आज्ञावली म्हणून पेटंटयोग्य नाही, हे कलम ३(के) २००२ च्या दुरुस्तीने घातले. २००४ च्या डिसेंबरातील अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोगाची आणि यंत्राशी जोडणीची पळवाट त्यात ठेवून पाहिली, आणि २००५ च्या आरंभी संसदेने ती पळवाट नाकारून जुने कलम जसेच्या तसे राखले. त्याच वर्षीच्या जुलैत युरोपच्या संसदेनेही असल्याच पेटंटांचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला होता. वकीलसाहेब हे अभिमानाने सांगत होते; पुतणीने त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाच्या फरीद अल्लानी प्रकरणाची आठवण दिली, ज्यात २००२ साली केलेल्या अर्जाचा फेरविचार करावा असा हुकूम २०१९ च्या डिसेंबरात झाला, आणि आजच्या काळात आज्ञावलीवर आधारलेला प्रत्येक शोध त्याज्य ठरवणे मागासलेपणाचे होईल, असा अभिप्राय न्यायालयाने दिला. “सतरा वर्षांनी! ज्या धंद्यात तीन वर्षांत नवी पिढी येते, तेथे वीस वर्षांचा इजारा, आणि तो मिळेल की नाही हे कळायला सतरा वर्षे. मग तो इजारा हवा तरी कशाला?” तिने विचारले. तिच्या स्वतःच्या नावावरही अमेरिकेत एक अर्ज आहे. संशोधक म्हणून नाव तिचे, हक्क कंपनीचा, आणि कंपनीच्या वकिलांनी लिहिलेले त्या शोधाचे वर्णन तिने वाचले तेव्हा आपण नेमके काय शोधले हे तिला त्यावरून उमगले नाही. ज्या वर्णनाच्या बदल्यात इजारा द्यायचा, ते वर्णन शोधकर्तीलाच दुर्बोध असेल तर लोकांच्या पदरात काय पडले, या तिच्या प्रश्नावर वकीलसाहेबांनी आपल्या व्यवसायबंधूंच्या वतीने मौन पाळले.

मला मात्र या ठिकाणी शंकर आबाजी भिसे आठवले, आणि मी तसे बोललोही. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा मनुष्य पदवीच्या बळावर नव्हे तर केवळ बुद्धीच्या बळावर लंडनला गेला, दादाभाई नौरोजींनी त्याला आधार दिला, आणि छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र त्याने काढले. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव आणले होते, त्याच उद्योगाला गती देऊ पाहणारा हा दुसरा मराठी माणूस. पेटंटे त्याला मिळाली. सर रतन टाटांचे भांडवलही काही काळ मिळाले. तरीही ते यंत्र मुंबईच्या छापखान्यांत रुजले नाही, भिसे पुढे अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कला वारले. वकीलसाहेबांना यात पेटंटाची थोरवी दिसली, कारण परक्या मुलखात निष्कांचन हिंदी माणसाशी भांडवलदार बोलायला बसले ते त्या कागदामुळे; पुतणीला त्यात पेटंटाची निष्फळता दिसली, कारण कागद असूनही यंत्र बाजारात टिकले नाही. माझे मत विचाराल तर दोघांचेही म्हणणे मला अर्धवट वाटते. पेटंट हे दावा लावण्याचे साधन आहे, दावा चालवण्याचा खर्च ते देत नाही. भिशांच्या काळी ही उणीव एकट्या संशोधकाला भोवत असे, आणि आज ज्यांच्याजवळ तो खर्च आहे अशाच कंपन्यांच्या हाती पेटंटांचे गठ्ठे साचले आहेत.

चहा झाल्यावर वकीलसाहेबांनी मूळ प्रश्नाचा, म्हणजे परवानगीचा, स्वतःच निकाल लावला, आणि तो तिच्या बाजूने लावला. १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशी सवलत घातली आहे की, ज्याच्याजवळ प्रणाली कायदेशीर रीतीने आली आहे त्याने आपली स्वतंत्र आज्ञावली तिच्याशी जुळावी म्हणून आवश्यक ती माहिती, ती अन्यत्र सहज मिळत नसेल तर, काढून घ्यावी. तिच्याजवळ प्रणाली नव्हतीच, केवळ मजकूर होता, म्हणून ही सवलत तिला अक्षरशः लागू पडते की नाही याबद्दल त्यांना शंका होती. परंतु जिने प्रणालीला हातच लावला नाही तिला सवलतीची गरजही नाही, अशी त्यांची उपपत्ती होती. मजकूर साठवण्याची मांडणी ही प्रताधिकाराखालील अभिव्यक्ती नव्हे, असे युरोपच्या न्यायालयाने २०१२ साली सॅस इन्स्टिट्यूटच्या खटल्यात म्हटले आहे, ते आपल्यावर बंधनकारक नसले तरी विचारार्ह आहे. डोंगल फोडले असते तर २०१२ च्या ६५ए कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा प्रश्न उद्भवला असता, पण तेथेही कायद्याने निषिद्ध नसलेल्या हेतूसाठी केलेले कृत्य अपवादात बसते. “तेव्हा,” ते म्हणाले, “ज्या कायद्याला तू लूट म्हणालीस त्याच कायद्यात तुझ्या सुटकेच्या तीन वाटा आहेत.”

“तीन वाटा आहेत हे समजायला मला चाळीस वर्षे वकिली केलेले आजोबा लागले,” ती म्हणाली. “चंद्रपूरच्या दुकानदाराने कोणाला विचारायचे?”

मग वकीलसाहेबांनी, मला वाटते बराच वेळ मनात घोळवलेली, एक सूचना मांडली, आणि ती मला त्या दिवसातील सर्वांत विचारणीय गोष्ट वाटली. १९५४ च्या एका कायद्याप्रमाणे या देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मद्रास, मुंबई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांत पोचती करायची असते. मुंबईची प्रत टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या जागेतील मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि शिवाय पुस्तकाची किंमत. पण हक्क जात नाही, म्हणून बर्न करारालाही त्याची बाधा येत नाही. आज्ञावली जर कायद्याने साहित्यकृती आहे, तर तिने साहित्यकृतीची ही एक जबाबदारी तेवढी का टाळावी? विक्रीला काढलेल्या प्रत्येक प्रणालीची संपूर्ण मूळ संहिता मोहोरबंद करून सरकारी अभिलेखागारात ठेवावी, आणि मालकाने विक्री थांबवल्यापासून पाच वर्षांनी मोहोर फोडावी. इजारा ज्याचा त्याला राहील, परंतु सोडून दिलेल्या जमिनीवर कायमचा कब्जा राहणार नाही.

पुतणीला हे पुरेसे वाटले नाही. संहिता मिळाली तरी तिला यंत्ररूप देणारी त्या काळची साधने लागतात, तीही कोणाच्या तरी मालकीची. पाच वर्षांच्या मुदतीत मोठ्या कंपन्या प्रणाली नावापुरती विकत राहतील. आणि सरकारी अभिलेखागारातील मोहोरबंद पाकिटांचे काय होते हे आजोबांनी तिला सांगावे अशी तिची अपेक्षा होती. तिचा मार्ग निराळा होता: मुळातच मोकळे लिहावे. र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला, त्याने युनिकोड मराठी दिसू लागली हे खरे, पण तो मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातच राहिला. त्याउलट आकृतीच्या कंपनीनेच पुढे नऊ लिप्यांचे आपले फाँट जीपीएल परवान्याखाली खुले केले, मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ हा फाँट वाटेल त्याने वापरावा, बदलावा, वाटावा अशा परवान्याने दिला. आणि आपल्याच जुन्या जिल्ह्याची गोष्ट पाहा: आदिलाबादच्या नारनूर मंडलातील गुंजाळ गावी ज्या लिपीतील हस्तलिखिते सापडली ती गुंजाळ गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये दाखल झाली, आणि तिचा ‘नोटो’ मालिकेतील फाँट खुल्या परवान्याचा आहे. नव्वदच्या दशकात मराठीचे जे झाले ते गोंडीचे होऊ नये, यासाठी कायदा बदलण्याची वाट कोणाला पाहावी लागली नाही.

“परंतु तो परवाना कशावर उभा आहे?” वकीलसाहेबांनी विचारले, आणि या प्रश्नाच्या संधीची ते सकाळपासून वाट पाहत असावेत. “जीपीएल म्हणते की, ज्याने हे घेतले आणि सुधारून वाटले त्यानेही ते मोकळेच ठेवले पाहिजे. ही अट मोडणाऱ्याला तू कोणत्या कायद्याने न्यायालयात खेचशील? प्रताधिकाराच्या! उद्या प्रताधिकार रद्द झाला तर तुझी कोष्टके उचलून कोणीही आपल्या बंद प्रणालीत घालील आणि तुला विचारणारसुद्धा नाही.” तिने हे कबूल केले, आणि आपली आज्ञावली ती याच परवान्याखाली सर्वांना द्यायची म्हणते, असे सांगितले, मात्र मेल्यावर साठ वर्षे आपला हक्क राहावा ही कल्पना तिला हास्यास्पद वाटते, म्हणून दहा वर्षांनी हक्क सोडल्याची नोटीस आजच लिहून ठेवावी आणि तिचा मराठी मसुदा आजोबांनी करावा, अशी तिने गळ घातली. कलम २१ प्रमाणे लेखकाला आपला हक्क जाहीर नोटिशीने सोडता येतो हे त्यांना मान्य होते. दहा वर्षांनंतरच्या तारखेने तो आजच सोडता येतो की नाही, हे पाहावे लागेल, असे ते म्हणाले.

मग त्यांनी कागद ओढला, लेखणी काढली, आणि थांबून विचारले, “सोडणार म्हणतेस तो हक्क तुझाच आहे ना? कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात लिहिलेल्याचा पहिला मालक धनी असतो.” तिने रजेत लिहिले होते, स्वतःच्या यंत्रावर लिहिले होते, कंपनीचा आणि ओव्यांचा संबंध नव्हता. “ते कायद्याचे झाले. कराराचे काय?” तिने फोनमध्ये आपला नेमणुकीचा करारनामा शोधून काढला आणि त्यांच्यापुढे धरला. सेवेच्या काळात, कार्यालयात किंवा बाहेर, केलेली प्रत्येक निर्मिती कंपनीच्या मालकीची होईल, अशा अर्थाचे एक कलम त्यात होते, आणि त्याखाली तिची सही होती. वकीलसाहेबांनी ते कलम मोठ्याने वाचले, मग पुन्हा एकदा मनात वाचले. असले सरसकट कलम न्यायालयात टिकेलच असे नाही, असे त्यांचे मत पडले, पण मसुदा लिहिण्यापूर्वी तिने कंपनीकडून नाहरकतीचा लेखी दाखला आणावा असा त्यांनी आग्रह धरला. तिने तो मागितला तर कंपनीला या आज्ञावलीचा सुगावा लागेल, आणि न मागितला तर नोटीस निरर्थक ठरेल, यावर दोघांचे जे सुरू झाले ते दिवेलागणीनंतरही चालूच होते.